कापायचा राहून गेलेला ठोकळा

लग्नकार्यात कुणी "आपण कुठं होता नोकरीला?" असं विचारलं, की माझी बायको माझ्याआधी "इंजिनिअर होते" असं सांगून टाकते आणि समोरच्याला जेवायला घेऊन जाते. मी सांगायला लागलो की ताटातलं गार होतं, हा तिचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. तसं माझं काम एका वाक्यात सांगण्यासारखं आहे. अणुभट्टीतलं इंधन वितळून, तळ फोडून खालच्या काँक्रीटवर पडलं, तर ते काँक्रीट किती खाईल आणि कुठं थांबेल, हे आम्ही बघायचो. त्यानंतरचे प्रश्न ठरलेले. "म्हणजे बॉम्ब?" नाही. "मग रेडिएशन?" तेही नाही. "आपल्याकडे असं कधी झालंय?" नाही झालं. "मग इतकी वर्षं करत काय होता?" या शेवटच्या प्रश्नाला मला अजून धड उत्तर सुचलेलं नाही.

आमची शेड हडपसरहून मांजरीकडे जाताना उजव्या हाताला, उसाच्या शेतांच्या कडेला होती. खाजगी प्रयोगशाळा होती ती. काम बाहेरून यायचं. वाहनांचे ब्रेक, भट्ट्यांच्या विटा, असलं काहीही आम्ही तापवून बघायचो. पण आमचं खरं काम हे वितळण्याचं. माझे वडील रविवार पेठेत पितळी नळ ओतायचे. वितळलेल्या धातूला आमच्या घरात "रस" म्हणत आणि त्याच्याकडे पाठ करायची नाही, हे मला नमाजाच्या आधी शिकवलं गेलं होतं. त्यामुळे मुलाखतीत बाईंनी "वितळलेलं पितळ कधी पाहिलंय का?" असं विचारलं तेव्हा मी शर्टाची बाही वर करून डाग दाखवला. नोकरी तिथंच पक्की झाली.

बाई म्हणजे डॉ. सुमती वैद्य, आमच्या प्रमुख. त्यांच्याविषयी पुढं येईलच. आधी बाहेरच्या माणसासाठी धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे मग अडायला होणार नाही.

अणुभट्टी बंद करता येते. पण बंद केली तरी ती गार होत नाही. लोक याला विझवलेल्या चुलीसारखं आहे म्हणतात, ते बरोबर नाही. चुलीत धग उरलेली असते आणि ती आपोआप कमी होते. इथं जणू राखच नवी उष्णता तयार करत राहते, दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने. म्हणून तिच्यावरून पाणी फिरवत राहावं लागतं. पाणी थांबलं की इंधनाच्या कांड्या तापतात. त्यांच्यावरचं धातूचं आवरण वाफेतला ऑक्सिजन खाऊ लागतं, त्यातून हायड्रोजन निघतो आणि आणखी उष्णता निघते. मग इंधन, आवरण, आजूबाजूचं पोलाद असं सगळं एकत्र वितळून जाड पोलादी भांड्याच्या तळाशी जाऊन बसतं. वेळीच गार झालं नाही तर ते भांडंही हार खातं आणि रस खालच्या काँक्रीटवर पडतो.

काँक्रीट दिसायला कोरडं ठणठणीत असलं तरी त्याच्या पोटात पाणी असतं. रस पडला की ते पाणी वाफ होऊन बुडबुड्यांनी वर येतं. खडी, वाळू, सिमेंट वितळून रसातच मिसळतात. रस पसरतो, आणि जितका पसरेल तितका गार व्हायला सोपा. एक वेळ अशी येते की तो थांबतो. किंवा त्याआधी तळ संपतो. पृथ्वी फोडून पलीकडच्या बाजूला वगैरे निघत नाही, हे मी आजवर इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. खालच्या भोकाइतकीच भीती वरच्या घुमटात कोंडणाऱ्या वाफेची आणि वायूंची असते. ती कुणाला सांगितली तर मात्र ऐकणाऱ्याचा रस संपतो, कारण त्यात पृथ्वीला भोक पडत नाही.

आमच्याकडे युरेनियम कधीच नव्हतं. आम्ही लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची पूड एकत्र पेटवायचो. त्याचा रस दोन हजार अंशांच्या वर जातो. तो आम्ही शेडमधल्या उथळ खड्ड्यात ठेवलेल्या काँक्रीटच्या एका मोठ्या कुंडीत सोडायचो. कुंडी म्हणजे चौकोनी ठोकळा, मध्ये खळगा. रस गार होऊ नये म्हणून बाहेरून तांब्याच्या नळीची वेटोळी आणि तीतून वीज. राख स्वतःच तापत राहते त्याची ही नक्कल. ती नळी वितळू नये म्हणून तिच्या आतून पाणी. ठोकळ्याच्या पोटात वेगवेगळ्या खोलीवर तापमान सांगणाऱ्या तारा पुरलेल्या असायच्या. रस तिथवर पोचला की तार मरायची. आम्ही भिंतीआड बसून कोणती तार मेली ते बघत असू. एरवी उपकरण बिघडलं की माणूस हळहळतो. आमच्याकडे तार मेली की सगळ्यांच्या जिवात जीव यायचा, कारण रस कुठवर आला ते कळायचं.

पण बाई तारांवर भरवसा ठेवायच्या नाहीत. तार रसानं मरते, तशी ती नुसती तुटूनही मरते. म्हणून प्रयोग झाला, ठोकळा गार झाला, की तो मधोमध कापायचा, पॉलिश करायचा आणि मगच बोलायचं, ही आमच्याकडची रीत होती. हिऱ्याच्या दाण्यांची तार फिरवून ठोकळा कापणारा माणूस भोसरीहून यायचा. तो येईपर्यंत कुणी निष्कर्ष काढला की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "कापून बघितलंत?" माझ्या लग्नात मुलगी चांगली आहे असं मी म्हणालो तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं. बायकोनं ते ऐकलं. तिनं बाईंना कधी पूर्ण माफ केलं नाही.

एकदा काम देणाऱ्या कंपनीचे एक मोठे साहेब पहिला प्रयोग बघायला आले. मोठा हौशी माणूस. सोबत हार, पेढे आणि नारळ. आम्ही चहा सांगायला वळलो तेवढ्यात त्यांनी भक्तिभावानं कुंडीशेजारीच नारळ फोडला. रस सांडलाच तर अडावा म्हणून कुंडीभोवती वाळू पसरलेली असे, ती आम्ही कढईत भाजून कोरडी करत असू. कारण ओल्या वाळूवर असला रस पडला की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि रस छपराला जाऊन लागतो. नारळाचं पाणी त्या वाळूत जिरलं. साहेब हात जोडून उभे. बाई शांतपणे म्हणाल्या, "आपली श्रद्धा उत्तम आहे. तिच्यात पाणी फार आहे." प्रयोग पुढं ढकलला, सगळी वाळू पुन्हा भाजली. साहेबांनी पेढे मात्र वाटले. त्या दिवसापासून नारळ फाटकाबाहेर फुटू लागला.

वाळू भाजणारा आणि कुंड्या ओतणारा माणूस म्हणजे दत्ता ससाणे. मांजरीचा. गवंड्याचा मुलगा, बाईंनी एका बांधकामावरून उचलून आणलेला. काँक्रीट ओतताना त्यात हवा राहू नये म्हणून व्हायब्रेटर नावाचा थरथरणारा दांडा आत फिरवतात. फार फिरवला तर खडी खाली बसते, कमी फिरवला तर आत मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. दत्ताचा हात त्यात बसलेला होता. आमचे ठोकळे कापले की आतून सुपारीसारखे भरीव निघायचे. ओतून झालं की तो ओल्या काँक्रीटच्या एका कोपऱ्यात अंगठा दाबायचा. बाई म्हणायच्या, "ससाणे, सातबाऱ्यावर अंगठा उठवताय का?" दत्ता म्हणायचा, "आपली कुंडी हाय, बाई. वळखू यायला नगं?" बाईंनी त्याला अडवलं नाही, आणि त्यांनी न अडवलेल्या गोष्टी फार थोड्या होत्या.

आता शेवटच्या प्रयोगाकडे येतो.

आमच्या सगळ्या कुंड्या एका दमात ओतलेल्या असत. खऱ्या अणुभट्टीच्या इमारतीचा तळ मात्र एवढा मोठा आणि जाड असतो, की तो एका दमात ओतता येत नाही. आज एक थर, मग तो घट्ट झाल्यावर पुढचा. जुन्या-नव्याच्या मध्ये सांध राहते. ती कशी जोडायची याची नीट पद्धत आहे. जुना थर छिन्नीनं खडबडीत करायचा, धुवायचा, सिमेंटची पातळ स्लरी फासायची, मग नवा ओतायचा. वजन पेलायला ती सांध मजबूत असतेच. पण दोन हजार अंशांचा रस त्या सांधेला कसं वागवेल, हा प्रश्न बाईंनी एका सकाळी चहाच्या कपाशी बोलावं तसा विचारला आणि तिथून मागं हटायला त्या तयार होईनात.

कंपनीच्या लोकांना हे आवडलं नाही. त्यांच्या अणुभट्टीच्या नकाशात तळ थराथरानंच ओतायचा होता. "मॅडम, नसता फाटा कशाला?" असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "फाटा मी फोडत नाही. तुमच्या नकाशात आधीच आहे."

दत्तानं ती कुंडी दोन थरांत ओतली. छिन्नी, धुणं, स्लरी, सगळं यथासांग. मी समोर होतो. पण व्हायब्रेटर काँक्रीटच्या आत फिरतो आणि आत काय झालं ते समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, हे इथं सांगून ठेवतो.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी रस सोडला. सुरुवातीला तळाच्या तारा क्रमानं मरू लागल्या, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. मग सांधेजवळच्या कडेच्या तारा एकाएकी मरायला लागल्या, एकामागून एक, बाहेरच्या दिशेनं. रस खाली जायचा सोडून आडवा चालला होता. बाईंच्या तोंडून एकच शब्द निघाला, "पाणी!" मी नळीचं पाणी आणि वीज दोन्ही तोडली आणि पुढच्याच क्षणी कुंडीच्या कुशीतून, बरोबर सांधेच्या उंचीवर, एक पांढरी जीभ बाहेर आली. तांब्याची वेटोळी मेणासारखी बसली. पाणी चालू असतं तर मी आज हा लेख लिहीत नसतो. रस दत्तानं भाजलेल्या वाळूवर पडला, पसरला आणि थांबला. कुणाला ओरखडाही आला नाही.

मला वाटलं, बाई खचल्या असतील. त्या म्हणाल्या, "शेख, आज पहिल्यांदा आपल्याला काहीतरी कळलं. काय कळलं ते कापल्यावर सांगते."

कंपनीचं मत वेगळं पडलं. कुंडी फुटली म्हणजे प्रयोग फसला, असं ते म्हणाले. आणि फसला का, तर कुंडी ओतण्यात दोष. म्हणजे दत्ता. सांधेजवळ त्यानं व्हायब्रेटर नीट फिरवला नसणार, आत पोकळी राहिली असणार, त्या वाटेनं रस गेला. असं असूही शकत होतं, हीच खरी अडचण. एक तर सांधच रसाला वाट देते, किंवा सांध चांगली होती आणि दत्ताचा हात चुकला. दोहोंतलं कोणतं, हे ठोकळा कापल्याशिवाय कळणार नव्हतं. सांधेच्या आजूबाजूला भोकं दिसली तर हात. भरीव निघालं तर सांध.

बाईंनी कापायची परवानगी मागितली. फसलेल्या प्रयोगावर वेळ घालवू नये, असं उत्तर आलं. त्यांनी दुसऱ्या कुंडीची मागणी केली. उत्तर आलं नाही. मग हळूहळू कामच येईनासं झालं. मालकानं शेड बंद करायचं ठरवलं. तो ठोकळा उचलणं कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून तो खड्ड्यातच ठेवून वर मुरूम लोटला. बाईंनी पुढं बऱ्याच ठिकाणी पत्रव्यवहार केला, मग त्या आजारी पडल्या, आणि गेल्या. दवाखान्यात भेटायला गेलो होतो तेव्हा त्यांनी तब्येतीचं काही बोलू दिलं नाही. म्हणाल्या, "तो कापायला हवा होता हो."

दत्ताचं दुःख निराळं होतं. त्याला कुणी कोर्टात नेलं नाही, पगार कापला नाही. फक्त त्या बैठकीत त्याच्यासमोर "कास्टिंगमधला दोष" असं म्हटलं गेलं आणि त्यानं शेजारच्याला त्याचा अर्थ विचारला. त्यानंतर त्यानं काँक्रीटला हात लावला नाही. मांजरीत रोपवाटिका काढली, गुलाबाची कलमं करू लागला. स्वतःचं घर बांधलं तेव्हा स्लॅबच्या दिवशी तो लोणी काळभोरला बहिणीकडे जाऊन बसला. मी विचारलं तर म्हणाला, "सायेब, म्या उभा ऱ्हायलो तर सांगावं लागंल, हितं फिरव, तितं फिरव. आन माजा हातच खोटा आसंल तर? पोरं झोपत्यात त्या स्लॅबखाली." मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या सगळ्या कुंड्या भरीव निघाल्या. तो म्हणाला, "एक ऱ्हायलीच की कापायची."

हे सगळं तिथंच संपलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचा, शबनमचा, फोन आला. आम्ही घरात दखनी बोलतो, तिचं बोलणं इथं मराठीत देतो. "मामू, आमच्या सोसायटीत रेडिएशन निघालंय!"

आमच्या शेडच्या जागेवर आता उंच इमारती आहेत आणि शबनम त्यातल्या एकीत सातव्या मजल्यावर राहते. पाण्याची नवी टाकी बांधायला खड्डा खणताना जेसीबीचा दात एका ठोकळ्यावर आपटला. काळा, काचेसारखा चकाकणारा, कुशीतून तारा बाहेर आलेल्या. कुणा जुन्या माणसानं सांगितलं, इथं अणूची लॅब होती. त्यानंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय झालं असेल ते वाचकांनी ओळखावं. दोन कुटुंबं नातेवाइकांकडे राहायला गेली होती. लोकांनी भाजी धुवायचं पाणी बदललं होतं. शबनम म्हणाली, "मी सेक्रेटरींना सांगितलंय, माझे मामू त्यातले एक्स्पर्ट आहेत. तुम्ही याच."

मला खोटं बोलायचं नाही. मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम ऐकायला हॉल भरून माणसं बसली होती आणि बायको तिथं नव्हती. एका कॉलेजमधून किरणोत्सार मोजायचं यंत्र मागून नेलं. ठोकळ्याला लावलं, मग क्लबहाउसच्या ओट्याच्या ग्रॅनाइटला लावलं. ग्रॅनाइटचा आकडा जास्त आला. हॉलमध्ये हशा पिकला. मग मी वर जे सांगितलं ते सगळं सांगितलं. कांड्या, रस, वाफ, गंज आणि ॲल्युमिनियम. "यात युरेनियमचा कण नाही. लोखंड आहे आणि मांजरीच्या खाणीतली खडी आहे, जी तुमच्या भिंतींतही आहे." नातेवाइकांकडे गेलेली कुटुंबं संध्याकाळपर्यंत परत आली. पोरं ठोकळ्यावर चढून फोटो काढू लागली.

सेक्रेटरी कुलकर्णी निवृत्त बँकवाले, सज्जन माणूस. त्यांनी विचारलं, "म्हणजे साधा राडारोडाच म्हणायचा?"

"अगदी साधा," मी म्हणालो.

"हलवायला हरकत नाही?"

"काहीच नाही. फक्त मला तो मधून कापायचाय. गुरुवारी माणूस घेऊन येतो."

"या ना, अवश्य या," ते म्हणाले.

तिथून मी थेट मांजरीला दत्ताकडे गेलो. रोपवाटिकेत तो पाणी घालत होता. ठोकळा निघाला म्हटल्यावर त्याच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली, चिखल झाला. त्याच्या मुलानं घरावर वरचा मजला घ्यायचं ठरवलं होतं आणि पुढच्या रविवारी स्लॅब होता. दत्ता पुन्हा लोणीला जायची तयारी करून बसला होता. तो म्हणाला, "सायेब, कापल्यावर भरीव निगालं, तर मी ऱ्हातो उभा. सोता फिरवतो व्हायब्रेटर. आन भोकं निगाली, तर तसं सांगा. मग मी जातो बहिणीकडं, पर निवांत जातो."

"बुधवारीच माणसाला सांगून ठेवतो," मी म्हणालो. तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. एवढ्या वर्षांत त्याला मी असं ताठ चालताना पाहिलं नव्हतं.

गुरुवारी भोसरीच्या माणसाला टेम्पोसकट घेऊन सोसायटीच्या फाटकातून आत गेलो, तर खड्डा रिकामा. कडेला थोडा चुरा. टाकीवाल्या कंत्राटदाराचा ब्रेकर बुधवारी मोकळा होता, म्हणून त्यानं ठोकळा फोडला आणि ट्रकमध्ये भरून कुठल्याशा रस्त्याच्या भरावाला पाठवून दिला. कुलकर्णी हसतमुखानं समोर आले. "झालं आपलं काम. तुम्हाला उगाच त्रास नको म्हटलं."

"अहो, मला तो कापायचा होता!"

"हो ना. हलवायला सोपा जावा म्हणूनच ना? मग फोडलाच." माझा चेहरा बघून ते गोंधळले. "आपणच म्हणालात ना, साधा राडारोडा आहे म्हणून?"

त्यांची काही चूक नव्हती. मी त्या हॉलमध्ये तासभर बोललो. पृथ्वीच्या पोटापासून ग्रॅनाइटपर्यंत सगळं समजावलं. कापायचा कशासाठी, ते मात्र सांगितलं नाही. दत्ताचं नाव घेतलं नाही. एवढ्या शास्त्राच्या गोष्टीत एका गवंड्याचं दुखणं कशाला, असं मला वाटलं असावं. लोक घाबरलेले असते तर त्या ठोकळ्याला कुणी बोटही लावलं नसतं. सरकारी माणसं आली असती, दोर बांधले असते, पंचनामा झाला असता, आणि तो महिनाभर तिथं सुरक्षित पडून राहिला असता. जन्मभर मी लोकांना "घाबरू नका" सांगत आलो आणि कुणी ऐकलं नाही. एकदाच ऐकलं आणि त्यात सगळं गेलं. मला माझा इतका राग आला की मी खड्ड्याच्या कडेवर बसून राहिलो. भोसरीचा माणूस टेम्पोत बसून विडी ओढत वाट बघत होता.

मग मी तो चुरा चाळला. सांधेचा एखादा तुकडा मिळावा म्हणून. मिळाले ते सगळे ब्रेकरनं ठेचलेले. फोडताना पडलेलं भोक आणि आधीपासूनचं भोक यांतला फरक त्यात कसा दिसणार? एक कोपरा तेवढा शाबूत होता, नारळाएवढा. त्यावर अंगठ्याचा ठसा. ठोकळा दत्ताचाच होता याचा पुरावा माझ्या हातात आला. पण त्याबद्दल शंका कुणालाच नव्हती.

मांजरीच्या वाटेवर मी ठरवलं की खोटं बोलायचं. म्हातारा माणूस, तीन दिवसांवर स्लॅब आलेला. तपासणार कोण? बाई गेल्या, कंपनीचं ऑफिस बंद, ठोकळा रस्त्याखाली. "सांध होती" एवढे दोन शब्द बोलले की एका माणसाच्या मानेवरचं ओझं उतरतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातून ती सांधच होती. अजूनही तसंच वाटतं.

दत्ता दारातच उभा होता. मुलगा मागं, सून चहाचं पाणी ठेवत होती. मी कोपरा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटा केला, ठसा पाहिला आणि त्यावर आपला अंगठा टेकवून बघितला. आता अंगठा जाड झाला होता, बसला नाही.

"सांध होती दत्ता," मी म्हणालो. "तुझा हात नव्हता."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग दत्तानं माझ्याकडे पाहिलं, थेट, आणि विचारलं, "कापून बगितलं?"

त्याचा आवाज त्याचाच होता, पण प्रश्न बाईंचा होता. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. आलं नाही. त्या शेडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर त्या एका प्रश्नाला खोटं उत्तर माझ्याकडून येईना. मी काय झालं ते सगळं सांगितलं. हॉल, हशा, ग्रॅनाइट, ब्रेकर. शेवटी तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायेब. तुमी तरी काय करणार. च्या घ्या." तो कोपरा त्यानं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. मी चहा घेतला. तो गोड होता की नाही, ते आठवत नाही.

रविवारी दत्ता लोणीला गेला. जाताना मला फोन करून म्हणाला, "तुमी या. पोराला कळत न्हाय." मी सकाळीच जाऊन उभा राहिलो. नारळ फाटकाबाहेर फोडायला लावला, मुलाला त्याचं कारण समजलं नाही. मिक्सरवाल्यानं दुपारी अर्धा स्लॅब झाल्यावर सुटी मागितली, उरलेलं उद्या ओतू म्हणाला. मी त्याला जागचं हलू दिलं नाही. मला कुणाशी असं भांडता येतं हे मलाच माहीत नव्हतं. ऊन उतरायच्या आत स्लॅब पुरा झाला.

माणसं हात धूत होती तेवढ्यात दत्ताचा फोन आला. मागं एसटी स्टँडचा गोंगाट ऐकू येत होता. बहिणीच्या घरात बसवेना म्हणून तो बाहेर येऊन उभा होता.

"एका दमात भरला का?"

"एका दमात."

"सांध न्हाय ना ठिवली कुटं?"

"कुठंच नाही."

"तुमी सोता बगितलं?"

"दत्ता, मी सकाळपासून इथंच उभा आहे. स्वतः बघितलं."

"मग येतो," तो म्हणाला. आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आला.